फाळके काशीला गेले, तेव्हा

बऱ्याच दिवसांनी.

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं' काढलेत, 'म्हणजे' मात्र बरेच राहिलेत. चालवून घ्या.

मागचा एपिसोड जूनमध्ये आला होता. आता नोव्हेंबर संपत आलाय. मधल्या काळात 'दादा बंद केलं का?' असे मेसेज आले, काहींना उत्तर दिलं, काहींना दिलंच नाही. खरं कारण सांगायचं तर काहीच मोठं नव्हतं. आजारी नव्हतो, नोकरी गेली नव्हती. ऑफिसमध्ये एक मोठं रिलीज होतं, ते जुलैमध्ये संपलं. त्यानंतर माईकसमोर बसायची इच्छाच होईना. आणि माईकपेक्षा जास्त जे बोचत होतं ते म्हणजे माझं कॉमिक. जुन्या श्रोत्यांना माहितीये, मी दोन वर्षं आजीच्या लहानपणावर एक चित्रकथा काढतोय. पंचवटीतला वाडा, गोदेचा पूर, तिची शाळा सुटली ते वर्ष. चाळीस पानांचा प्लॅन. एकोणीस पानं झाली आणि पेन ठेवलं ते ठेवलंच.

इन्स्टावर रील बघितलं की दर तिसरा माणूस सांगतो, रोज करा, एक दिवस चुकला की संपलं. दर चौथा सांगतो, विश्रांती घ्या, शरीराचं ऐका. दोघांच्या मागे म्युझिक एकच. मला दोघांचंही पटत नव्हतं. म्हटलं, एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य काढून बघूया. कधी थांबला, का थांबला, परत कसा आला, आणि थांबल्याचं बिल किती आलं.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मी नाशिकचा. शाळेची सहल पांडवलेणीला जायची आणि पायथ्याशी फाळके स्मारक. आम्हा पोरांसाठी फाळके म्हणजे कारंजं, लॉन आणि डब्यातली पोळी-भाजी. भारतीय चित्रपटाचे जनक, ३ मे १९१३, 'राजा हरिश्चंद्र'. एवढं परीक्षेपुरतं पाठ. हा माणूस आयुष्यात किती वेळा थांबलाय हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

तर सुरुवात करूया, पण १९१३ पासून नाही.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद केला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छपाईचा धंदा, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी. मधे जादूचे प्रयोगही करून झाले. आजच्या भाषेत त्यांचा सीव्ही बघून कोणत्याही एचआरने विचारलं असतं, 'इतके स्विच का?' छपाईचा धंदा चांगला चालला होता, पण भागीदाराशी बिनसलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर फाळके प्रेसमधून बाहेर पडले. हातात काम नाही, घरात बायकोमुलं.

इथे मी पहिल्यांदा थांबलो. कारण आपण जी गोष्ट ऐकतो ना, की फाळक्यांनी गिरगावात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट बघितला आणि त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसायला लागले, ती गोष्ट याच रिकाम्या काळातली आहे. १९१०-११ चा सुमार. प्रेस जोरात चालू असती तर ते तंबूतला सिनेमा बघायला गेले असते का? गेले असतेही. पण बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तोच सिनेमा बघायला गेले असते का, आणि मग दिवसच्या दिवस त्याच नादात घालवले असते का, याबद्दल मला शंका आहे. रिकामा माणूसच इतका खोल नादी लागू शकतो.

आणि नाद म्हणजे कसला! खेळण्यातला छोटा प्रोजेक्टर, जुनी रिळं, मेणबत्ती, भिंग. घरच्या भिंतीवर तासन्‌तास चित्रं हलवून बघायची. दिवसा जी थिएटरं चालू असतील तिथे जाऊन बसायचं. झोप दोन-तीन तास. हे त्यांनी स्वतःच १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहून सांगितलंय. परिणाम काय व्हायचा तोच झाला. डोळे गेले. म्हणजे अगदी शब्दशः दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, तीन-चार चष्मे एकामागून एक लावून दृष्टी परत आणली.

हा त्यांचा पहिला सक्तीचा ब्रेक. आपल्याकडे अशा प्रसंगाची गोष्ट कशी सांगतात माहितीये ना? 'डोळे गेले तरी जिद्द गेली नाही.' टाळ्या. मला ती गोष्ट अशी सांगावीशी वाटत नाही. सहा महिने न झोपता काम करणं ही जिद्द असेलही, पण त्या जिद्दीनेच तो माणूस सिनेमा बनवायच्या आधी आंधळा व्हायची वेळ आली होती. डॉक्टर बरे भेटले म्हणून भारतीय सिनेमाचा इतिहास आहे तसा आहे. मागच्या वर्षी माझ्या ऑफिसमधला एक मित्र रिलीजच्या रात्री खुर्चीतच चक्कर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी टीमच्या ग्रुपवर त्याच्यासाठी 'डेडिकेशन' लिहून आलं, शेजारी आगीचा इमोजी. तेव्हापासून मला हा शब्द जरा जपून वापरावा वाटतो.

बरं, डोळे आले. मग पैसा. विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न भेटले. त्यांनी आधी समजावलं की या भानगडीत पडू नका, आणि मग मदतही केली. सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला. १ एप्रिलला परत.

आता येतो माझा सगळ्यात आवडता भाग. कॅमेरा आला, पण पूर्ण लांबीचा चित्रपट करायला भांडवल कोण देणार? लोकांना पटवायला हवं की हे यंत्र काहीतरी अद्‌भुत करतं. फाळक्यांनी काय केलं असेल? एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला. आणि रोज थोडी थोडी फ्रेम घेत राहिले. महिन्याच्या वर. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढली. पडद्यावर हे सगळं मिनिटभरात. नाव 'अंकुराची वाढ'. आपण आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतो आणि फोनमध्ये एका बटनावर करतो, ते. ती फिल्म बघून पैसे देणारा माणूस तयार झाला.

विचार करा, ज्या माणसाने सहा महिन्यांत डोळे जाळले तोच आता वाटाण्याच्या वेगाने काम करतोय. वाटाण्याला तुम्ही ओव्हरटाइम करायला लावू शकत नाही. आज फ्रेम घेतली की उद्यापर्यंत काम नाही. मला वाटतं चित्रकथा काढताना मी नेमकं हेच विसरलो होतो. एका रविवारी चार पानं उरकायची म्हणून बसायचो आणि पुढचे पाच रविवार पेनाकडे बघवायचं नाही.

'राजा हरिश्चंद्र'बद्दल तुम्हाला सगळं माहिती आहे, भराभर जातो. दादरला घर आणि तिथेच स्टुडिओ, साधारण सात महिने काम, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ ला प्रदर्शन. फक्त एका नावापाशी थांबतो. सरस्वतीबाई. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून, बोटांनी चाचपत तिला भोकं पाडायची, हे काम त्या करायच्या. रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड पडेल, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही. दागिने गहाण गेले ते वेगळंच. फाळक्यांच्या प्रत्येक ब्रेकबद्दल वाचताना मला एकच प्रश्न पडायचा. यांनी काम थांबवलं की यांना विश्रांती. बाईंचं काय? स्वयंपाकाला कधी सुट्टी लागली असेल? याचं उत्तर पुस्तकांत नाही, घरोघरी आहे.

पुढे मंडळी नाशिकला आली. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, थांबून काम करायचं आमंत्रणही मिळालं. ते परत आले, कारण नाशिकला त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं होती. आणि आले तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं. भांडवलदारांनी हात आखडले. कंपनी ठप्प.

हा दुसरा ब्रेक. यातही त्यांचा काही दोष नाही. पुढची दोन-तीन वर्षं मोठा चित्रपट नाही. छोट्या फिल्म केल्या, त्यातली एक चित्रपट कसे तयार होतात तेच दाखवणारी. मला ही आयडिया फार आवडली. मोठं काम अडलंय ना, मग काम कसं होतं त्याचंच काम करा. पैसे उभे करत फिरले. आणि १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. साळुंके त्यात रामही आणि सीताही. लोक असे लोटले की तिकिटाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढायचे.

यश मिळालं की सगळे येतात. १ जानेवारी १९१८ ला मुंबईच्या व्यापाऱ्यांशी भागीदारी करून हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. त्याच वर्षी 'श्रीकृष्ण जन्म', पुढच्या वर्षी 'कालिया मर्दन'. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. 'कालिया मर्दन'चे तुकडे यूट्यूबवर आहेत, बघाच. आवाज नाही, तरी ती पोर कॅमेऱ्याकडे बघून हसते तेव्हा आपण हसतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता सगळं सेट झालं. पैसा आहे, लोकांचं प्रेम आहे, मुलगी स्टार आहे.

आणि बरोबर याच वेळी फाळक्यांनी राजीनामा दिला.

भांडण जुनंच होतं. भागीदारांना हिशेब हवा, वेळेत चित्रपट हवा, खर्चाला मर्यादा हवी. फाळक्यांना हवं तसं चित्र येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं होतं. मी दोन्ही बाजूंना बसलोय, त्यामुळे मला कुणालाच खलनायक करता येत नाही. ज्याने पैसे घातलेत तो तारीख विचारणारच. आणि ज्याने कोंब फुटायची वाट महिनाभर बघितलीय त्याला तारीख विचारली की राग येणारच. प्रेसमध्ये दहा वर्षांपूर्वी जे झालं तेच पुन्हा झालं. फरक इतकाच की तेव्हा ते फक्त धंद्यातून उठले होते. यावेळी त्यांनी चित्रपटच सोडला. निवृत्ती जाहीर करून बायकोमुलांसह काशीला गेले.

काशीला! म्हणजे बघा, मराठी माणसाने काशीला जाणं याला आपल्याकडे एक अर्थ आहे. लोणावळ्याला जाऊन येतो, असं नाही ते. संसार आटोपून, सगळं सोडून जायची ती जागा. वय साधारण पन्नास. मला वाटतं त्यांना थकवा आला होता तो कामाचा नव्हता. काम ते सहा महिने बिनझोपेचं करू शकायचे. थकवा होता तो रोज आपल्या कामाची बाजू मांडत बसण्याचा. हा थकवा झोपून जात नाही, सुट्टी काढूनही जात नाही. मी जुलैत चार दिवस दापोलीला जाऊन आलो, समुद्र बघितला, मासे खाल्ले, परत आलो आणि लॅपटॉप उघडताच पहिल्या मीटिंगमध्ये होतो तिथेच.

पण काशीत फाळके घाटावर बसून राहिले का? अजिबात नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा उत्तरेच्या दौऱ्यावर होती, काशीत त्यांचे प्रयोग चालू होते. फाळके नाटकं बघायला जाऊ लागले, मंडळींशी गप्पा, चर्चा. आणि त्यातून स्वतःच एक नाटक लिहायला घेतलं. नाव 'रंगभूमी'. विषयसुद्धा नाटकाच्याच दुनियेचा, टीका-टोमणे भरपूर.

म्हणजे सिनेमाचा जनक सिनेमावर रुसून नाटक लिहितोय. मला हे वाचून इतकं हसू आलं, कारण मीही पॉडकास्ट आणि कॉमिक दोन्ही बंद करून ऑगस्टमध्ये काय करत होतो? यूट्यूबवर बघून लाकडी चमचे कोरत होतो. सात चमचे झाले. त्यातल्या एकाने आमटी वाढता येते, बाकी शोभेचे. पण त्या चमच्यांच्या वेळी कोणी मला 'किती व्ह्यूज?' विचारत नव्हतं, आणि हात चालू होता. फाळक्यांनाही नाटकाच्या वहीसमोर बसल्यावर असंच हलकं वाटत असेल का? असेल, असं मला वाटतं. वहीला भागीदार नसतो.

इकडे महाराष्ट्रात काय चाललं होतं? अच्युतराव कोल्हटकर, 'संदेश'चे संपादक, जबरदस्त लेखणीचा माणूस. त्यांनी फाळक्यांना पत्र लिहून विनवलं, परत या. फाळक्यांनी उत्तर धाडलं, त्याचा मतितार्थ असा की चित्रपटधंद्यापुरता मी मेलो आहे, आता पुन्हा जिवंत व्हायची इच्छा नाही. दुसरा कोणी असता तर पत्र खिशात ठेवून गप्प बसला असता. कोल्हटकरांनी ते 'संदेश'मध्ये छापलं! मग काय, वाचकांची पत्रं सुरू झाली. तुम्ही असं म्हणूच कसं शकता, परत या, आम्ही वाट बघतोय. कोल्हटकर ती छापत राहिले आणि अंक काशीला पाठवत राहिले. शेवटी फाळके विरघळले आणि नाशिकला आले.

गोष्ट फार गोड आहे. १९२० च्या आसपासची कमेंट सेक्शनच म्हणा. पण गोड गोष्टीला दुसरी बाजू असते. फाळके गेल्यावर कंपनीचं नीट चालत नव्हतं, तिलाही ते हवेच होते. नाटकातून घर चालण्यासारखं नव्हतं, घरात मुलं होती. १९२२ मध्ये 'रंगभूमी' स्टेजवर आलं आणि फारसं चाललं नाही. त्यामुळे वाचकांच्या प्रेमापोटी ते परतले हे खरं असलं, तरी पोटापाण्याने त्या प्रेमाला बराच हात दिला असणार, असा माझा अंदाज. त्यात कमीपणा काही नाही. मोटिव्हेशन हा शब्द आपण फार आतल्या ज्योतीसारखा वापरतो. बऱ्याचदा ते बाहेरून येतं, अगदी महिन्याच्या किराण्याच्या यादीतून सुद्धा.

आणि परतले ते त्याच कंपनीत, पण आता पगारावर. १९२२ चा 'संत नामदेव' हा परतल्यानंतरचा चित्रपट. पुढे कितीतरी चित्रपट केले. एकूण आकडा पंचाण्णवच्या घरात सांगतात, त्यात छोट्या फिल्म धरलेल्या नाहीत. म्हणजे काशीने माणूस संपवला नाही.

पण एक गोष्ट मला आधी दिसलीच नव्हती. ते काशीत असताना, १९२० मध्ये, कोल्हापूरला बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला. कॅमेरा स्वतः बनवलेला, सेट, प्रकाश, सगळ्याची नजर चित्रकाराची. टिळकांनी 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला. त्याच कंपनीत त्या सुमाराला व्ही. शांताराम नावाचा एक पोरगा पडेल ते काम करत होता. फाळके परत आले तेव्हा ते पहिले होतेच, पण एकटे राहिले नव्हते. तुम्ही रजेवर असता तेव्हा मेन ब्रँच थांबत नाही. परत आल्यावर मर्ज करायला गेलं की कॉन्फ्लिक्ट दिसतात.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. विसाच्या दशकाच्या शेवटी पुन्हा कंपनीशी मतभेद, पुन्हा बाहेर. जुन्या भागीदारांपैकी एकाच्या मदतीने 'सेतुबंधन' सुरू केला. रामाने समुद्रावर पूल बांधला ती कथा. मोठं स्वप्न, मोठा खर्च. पैसे संपले आणि चित्रपट मध्येच अडकला. पूल अर्ध्यात! काम थांबलं, पुन्हा पैसे उभे झाले, पुन्हा सुरू झालं. या सगळ्यात दोन वर्षं गेली. आणि त्याच दरम्यान, १४ मार्च १९३१ ला, मुंबईत 'आलमआरा' लागला. पडदा बोलायला लागला.

'सेतुबंधन' १९३२ मध्ये पूर्ण होऊन आला तेव्हा तो मूकपट होता. लोकांना आता आवाज हवा होता. पुढे त्याला आवाज जोडून पुन्हा प्रदर्शित केलं, पण वेळ निघून गेली होती. याला आळस म्हणता येत नाही, हट्ट तर नाहीच. पैसा नव्हता म्हणून काम पडून राहिलं आणि पडून असताना त्याच्या खालची जमीन सरकली. काशीचा ब्रेक स्वतः घेतलेला होता, तो परवडला. 'सेतुबंधन'चा ब्रेक लादलेला होता, त्याने एक अख्खा चित्रपट जुना करून टाकला. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण का ते पुढे सांगतो.

शेवटचं आधी सांगून टाकतो. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळक्यांनी 'गंगावतरण' केला. १९३७. त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट, वय सदुसष्ट. ज्या तंत्राने त्यांना मागे टाकलं होतं ते तंत्र शिकून घेऊन एक चित्रपट केला आणि मग नाशिकला येऊन थांबले, यावेळी कायमचे. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, दरवर्षी बातमी येते. चित्रपटांची मात्र बहुतेक रिळं गेली, थोडीच शिल्लक आहेत.

तर झोप का लागली नाही. माझ्या आजीचं वय चौऱ्याऐंशी आहे. माझ्या चित्रकथेत जे जे आहे, म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, पुराच्या पाण्याची खूण कुठल्या पायरीवर होती, शाळेत जाताना कुठल्या रंगाचं परकर-पोलकं, हे सगळं फक्त तिच्या डोक्यात आहे. वाडा पाडून तिथे पार्किंग झालंय. फोटो दोन. मी पाच महिने चमचे कोरत होतो तेव्हा ती दर रविवारी फोनवर विचारायची, "झालं का रे तुझं पुस्तक?" आणि मी म्हणायचो, "आजी, ब्रेक घेतलाय थोडा." ती म्हणायची, "घे बाई घे. दमला असशील." मी मुलगा असून ती मला 'बाई' म्हणते, ते तिचं सगळ्यांसाठी आहे.

ऑक्टोबरपासून तिने हा प्रश्न विचारणं बंद केलं. विसरली की काय म्हणून आईला विचारलं. आई म्हणाली, "विसरली नाही. तुला त्रास नको म्हणून विचारत नाही."

गेल्या शनिवारी गाडी काढली आणि नाशिकला गेलो. एकोणीसही पानं घेऊन. चष्मा पुसून तिने एकेक पान बघितलं, चांगला तास घेतला. कौतुक वगैरे काही नाही. बाराव्या पानावर बोट ठेवलं.

"ही चूल इथे नव्हती."

"तूच सांगितलं होतंस ना, खिडकीखाली?"

"खिडकीखाली पाटा होता. चूल दारामागे. धूर दारातून जायचा, खिडकीतून कसा जाईल? खिडकी बंदच असायची, शेजारच्यांची नजर पडायची."

तीन पानांत ती चूल आहे. म्हणजे आता पूर्ण झालेली एकोणीस नाहीत, सोळाच आहेत. रविवारी सकाळी तिच्याच पलंगाशेजारी बसून बाराव्या पानाची पेन्सिल सुरू केली. दारामागे चूल घेतली तर दार उघडणार कसं, हे मात्र अजून दोघांनाही जमलेलं नाही. ती म्हणते उघडायचं. पुढच्या शनिवारी परत जातोय, ती खडूने जमिनीवर काढून दाखवणार आहे.

पुढचा एपिसोड डिसेंबरमध्ये, तारीख सांगत नाही. भेटू.